वडखळकरांची पेटी

एखाद्या माणसानं दहा नंबरचा एक पाना विकत घेतला, तर त्यात बिघडलं काय? तुम्हीच सांगा. कुणी दारू पितं, कुणी शेअर बाजारात हात पोळून घेतं. मी माणिकपूरला ऑफिस सुटल्यावर हार्डवेअरच्या दुकानातून एक पाना घेतला, शर्टाच्या खिशात घातला आणि घरी, वसईजवळच्या वटारला, आलो. चपला काढायला वाकलो तेव्हा तो खिशातून निसटला आणि माझ्याच अंगठ्यावर पडला. खरं तर तेव्हाच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पाना कशाला घेतला हे सांगायचं तर आधी वडखळला जावं लागेल. (आत्ता फक्त सांगण्यापुरतं. प्रत्यक्ष आपण नंतर जाणारच आहोत.)

पंचवीस वर्षांपूर्वी लग्न झाल्याझाल्या मी आणि रोझलिन माझ्या स्कूटरवरून गोव्याला निघालो होतो. स्कूटरनं वडखळला प्राण सोडला. हत्यार म्हणून माझ्याजवळ फक्त नेलकटर होतं. हनिमूनचा पहिला दिवस आम्ही एका गॅरेजच्या बाकड्यावर बसून काढला, आणि संध्याकाळी पांढऱ्या कांद्याच्या टेम्पोत स्कूटर घालून, स्वतः कांद्याच्या गोणींवर बसून परत आलो. रोझलिनच्या डोळ्यांत पाणी होतं. कांद्यामुळं आलं होतं, असं ती अजून सांगते आणि मी अजून मान डोलावतो.

तेव्हापासून तिचा थोरला भाऊ एल्रॉय मला बेसिल तुस्कानो म्हणतच नाही. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, कुणाची मयत असो, हा लांबून हात करतो आणि ओरडतो, "या वडखळकर, या!" गेल्या वर्षी एका लग्नात नव्या नवरीनं मला खरंच विचारलं, "अंकल, तुमचं मूळ गाव वडखळ का?"

यंदा जानेवारीत लग्नाला पंचवीस वर्षं होणार होती. रोझलिनची धाकटी बहीण जीना म्हापशाला राहते. तिनं तिच्या चर्चमध्ये रविवारी सकाळी आमच्या ज्युबिलीची खास प्रार्थना, म्हणजे मिस्सा, ठेवली. मी म्हटलं, ट्रेनची तिकिटं काढतो. रोझलिननं हातातला टोप जरा जोरातच ठेवला. भांडी वाजली की मला घाम फुटतो.

"काय झालं?"

"काही नाही. गोव्याला ट्रेननं शंभरदा गेलोय. मला एकदा तुझ्या मागं बसून जायचं होतं. ते राहिलंच."

ऐकून मला भरून आलं, आणि भरून आलं की मी काहीतरी वेडेपणा करतो, हा माझा स्वभाव आहे. मी म्हटलं, "जाऊ! बाईकवरून जाऊ!"

"बघ हं. मी आणि माझी एक बॅग. बाकी मला काही नको." त्या बॅगेत मिस्सेसाठी घेतलेली निळी सिल्कची साडी आणि सँडल जाणार होते.

एवढीच अट. इतकी साधी बायको मिळालेला माणूस सुखी व्हायला हवा की नाही? पण मी दुसऱ्याच दिवशी तो पाना आणला.

(इथं एक खुलासा. घरी आम्ही आमच्या बोलीत भांडतो. तुमच्यासाठी पुढचं सगळं शाळेतल्या मराठीत सांगतोय. त्यामुळं रोझलिनच्या बोलण्याची धार निम्मी झालेली आहे, हे लक्षात असू द्या.)

एक पाना एकटा कसा राहणार? मी मोबाईलवर व्हिडिओ बघायला लागलो. त्यातला दाढीवाला माणूस लडाखच्या बर्फात बसून सांगत होता, "तुमच्याजवळ काय आहे यावर तुम्ही घरी पोचणार की नाही ते ठरतं." मला बर्फात वडखळ दिसायला लागलं. मग पक्कड आली, प्लगपाना आला, टायर काढायच्या टॉम्या आल्या. क्लचची वायर, ब्रेकची वायर, चेनच्या जास्तीच्या कड्या, ॲलन की. एक पट्ट्यापट्ट्यांचं हत्यार आणलं, ते कशाला लागतं हे मला आजही माहीत नाही, पण त्या दाढीवाल्याकडं होतं.

शेजारच्या श्रीपतकाकांची अख्खी नोकरी वालीवच्या कारखान्यात गेली. त्यांना हे कळल्यावर ते स्वतः रिंगपान्यांचा सेट घेऊन आले. प्रत्येक पान्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं 'श्री' कोरलेलं होतं.

"बेसिल, हे बावीस-चोवीस पण ठेव," ते म्हणाले.

"काका, माझ्या बाईकला एवढा मोठा नट कुठं आहे?"

"बाईकला नसेल. पण रस्त्यात कुणाचा ट्रक बंद पडलेला भेटला तर?"

मला पटलं. त्या दिवसांत मला काहीही पटत होतं. जाता जाता त्यांनी बाईकबरोबर कंपनीकडून आलेली हत्यारांची छोटी पिशवी उचलून बघितली आणि हसले, "हे काय, खेळणं?" मीही हसलो आणि ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

आता एवढं सामान ठेवायचं कशात? वालीवच्या एका वर्कशॉपमधून मी पत्र्याची पेटी बनवून घेतली आणि माणिकपूरच्या पेंटरकडून तिच्यावर झोकदार अक्षरांत लिहून घेतलं: 'बेसिल तुस्कानो, वटार, वसई'. पेटी मी स्वतः बाईकच्या मागं बसवली. बसवून झाल्यावर खाली एक नट उरला. (नट उरला म्हणजे आपण काटकसरीनं काम केलं, असा मी अर्थ काढला.) तो मी एका डबीत, इतर सुट्या नट-बोल्टांबरोबर, स्पेअर म्हणून ठेवून दिला.

"बस बघू," मी रोझलिनला म्हटलं.

ती बसली. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पेटीनं मागची अर्धी सीट खाल्ली होती. पेटीचा कोपरा तिच्या कमरेत आणि तिचे गुडघे माझ्या बरगड्यांत. मी स्वतः पेट्रोलच्या टाकीवर चढलो होतो.

"आणि माझी बॅग?"

"बघू ना. कंपनीनं वजनाची मर्यादा दिलेली असते. थोडं वजन कमी करावं लागेल," असं म्हणून मी तिच्याकडं बघितलं.

आईशप्पथ, मी बॅगेकडं बघणार होतो. बॅग तिच्या मांडीवर होती. पण नजर कुठं थांबली ते बाई ठरवते, पुरुष नाही. रोझलिन बाईकवरून उतरली, बॅग घेऊन आत गेली, आणि त्या रात्रीच्या माशांच्या कालवणात मीठ नव्हतं. दुसऱ्या दिवशी डाळीतही नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून शरण गेलो. तहात असं ठरलं की हातोडी, हवेचा पंप आणि ट्रकचे पाने घरी राहतील, बॅग पेटीवर बांधली जाईल आणि मी पोट आत घेऊन बसेन.

"आणि दुसरं," ती म्हणाली, "तो खडखडाट बंद कर. फादर आशीर्वाद द्यायला येणार, अख्खी वाडी येणार, आणि आपण भंगारवाल्यासारखे वाजत जाणार का?"

खडखडाट कसा बंद करायचा? चिंध्या गुंडाळल्या तर खाऱ्या हवेची ओल धरते, पान्यांना गंज चढतो. मी विचार करत पडवीत बसलो होतो आणि समोर रोझलिन सुकेळी बांधत होती. राजेळी केळी उन्हात वाळवून आमच्याकडं सुकेळी करतात, हे तुम्हाला माहीत असेलच. ती सुकलेल्या केळीच्या पानांत घट्ट गुंडाळायची आणि वर केळीच्याच सोपटाची दोरी करकचून बांधायची. वर्षभर ओल शिरत नाही.

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. मी प्रत्येक पाना, प्रत्येक पक्कड, ती नटांची डबीसुद्धा, केळीच्या पानात गुंडाळली आणि सोपटानं बांधली. काय सुबक पुडकी झाली होती! रोझलिनसुद्धा म्हणाली, "लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर तुला सुकेळी बांधता यायला लागली." माझी छाती फुगली. त्या फुगलेल्या छातीत मेंदूला जाणारं रक्त अडकलं असणार, दुसरं काय.

निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी रोझरीची प्रार्थना ठेवली होती. कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की आमच्या वाडीत प्रार्थना होते, आणि आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. एरवी उकडलेले चणे देतात. ज्युबिली म्हणून रोझलिननं प्रत्येकाला सुकेळ्यांचं एकेक पुडकं द्यायचं ठरवलं होतं.

आतल्या खोलीत दोन पाट्या होत्या. खिडकीजवळच्या पाटीत सुकेळी, दाराजवळच्या पाटीत हत्यारं. पण दुपारी मला खिडकीत मुंग्या दिसल्या, म्हणून मी सुकेळ्यांची पाटी दाराजवळ आणली. आणि वाट अडायला नको म्हणून हत्यारांची पाटी खिडकीजवळ सरकवली. किती काळजी करायचा माझा स्वभाव! आणि मग हे सगळं साफ विसरलो. विसरायचाही स्वभावच आहे.

प्रार्थना संपली, फादरनी बाईकवर पवित्र पाणी शिंपडलं, जास्तीचं थोडं माझ्यावर शिंपडलं. रोझलिन माणसांच्या गराड्यातून ओरडली, "बेसिल, खिडकीजवळची पाटी आण आणि वाट!"

मी पाटी उचलली तर कमरेत कळ आली. यंदा केळी चांगली भरली आहेत, असं मला वाटलं. मी हसतमुखानं एकेक पुडकं वाटत गेलो. अँजेलाआंटीनं पुडकं हातावर तोललं आणि गहिवरून म्हणाली, "हाताला जड लागतंय रे! रोझलिनचा हात पहिल्यापासून सढळ." एल्रॉयला मी मुद्दाम बारकंसं पुडकं दिलं. त्यानं ते कानाजवळ नेऊन हलवलं आणि म्हणाला, "वडखळकर, सुकेळी फारच सुकलीत." मी दुर्लक्ष केलं.

नंतर दाराजवळच्या पाटीतली पुडकी मी पेटीत रचली. पेटी आश्चर्यकारक हलकी झाली. नीट रचलं की वजन जाणवत नाही, असं त्या दाढीवाल्यानं सांगितलंच होतं.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. रोझलिनचा हात माझ्या खांद्यावर, तिची बॅग पेटीवर, आणि पेटीचा जराही आवाज नाही. काय सांगू, मी अठ्ठावीस वर्षांचा झालो होतो. पनवेल मागं पडलं, पेण आलं. मी मागं वळून म्हटलं, "रोझलिन, या वेळी वडखळला थांबायचंच नाही. हॉर्न वाजवून पुढं जायचं."

"समोर बघ," ती म्हणाली.

समोर वडखळची पाटी होती. आणि त्याच क्षणी मागून 'घर्र्र' असा आवाज आला, मग जळक्या रबराचा वास, आणि मग रोझलिनची किंकाळी, "बेसिल, पेटी खाली चालली!"

मी एका चहाच्या टपरीसमोर गाडी थांबवली. बाईकला काहीही झालं नव्हतं, इंजिन मजेत चालू होतं. पेटीचं कॅरियर एका बाजूनं सुटलं होतं आणि पेटी मडगार्डसकट टायरवर बसून घासत होती. चहा पिणारी मंडळी ग्लास घेऊन जवळ आली.

आता मला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगतो, मला आनंद झाला! याच दिवसासाठी तर मी पंचवीस वर्षं थांबलो होतो. मी बाह्या सरसावल्या, वाकड्या पेटीचं कुलूप उघडलं आणि जमलेल्या लोकांना म्हटलं, "जरा मागं सरा. हत्यारं काढतो."

पहिलं पुडकं सोडलं. आत सुकेळी.

"चुकून एखादं आलेलं दिसतंय," मी म्हणालो.

दुसरं सोडलं. सुकेळी. तिसरं, चौथं, पाचवं. टपरीवाला म्हणाला, "साहेब, बाईक केळ्यांनी दुरुस्त करता काय?"

तेवढ्यात फोन वाजला. अँजेलाआंटी होती. "बेसिल, अरे सकाळच्या चहाबरोबर पुडकं सोडलं तर आत पक्कड! खूप छान हो. गरम टोप उतरवायला मला हवीच होती. स्टीलचे डबे सगळेच देतात, तुम्ही वेगळं दिलंत."

फोन ठेवला तर श्रीपतकाका. "बेसिल, पाना मिळाला. माझ्याकडं होता अगदी तसाच आहे रे. वर 'श्री' पण कोरून घेतलंस. एवढं कोण करतं आजकाल?"

मग फादरचा फोन. त्यांना टायर काढायची टॉमी मिळाली होती आणि यामागचा आध्यात्मिक अर्थ काय असावा, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "फादर, तुम्हीच सांगा."

मी मटकन खाली बसलो. एवढा आटापिटा केला आणि पुन्हा वडखळ! टपरीशेजारी एक टेम्पो उभा होता. त्यात कांदे होते. पांढरे. मला खरंच रडू आलं, आणि कांद्याचं नाव सांगायची सोय असूनही मी सांगितलं नाही. "रोझलिन, माफ कर. तुझं गोवा यंदाही राहिलं."

इतका वेळ ती बाकड्यावर पोट धरून हसत होती. माझं तोंड बघून थांबली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बेसिल, कान उघडे ठेवून ऐक. मी या वेळी टेम्पोत बसणार नाही. रविवारी मी म्हापशाला निळी साडी नेसून उभी राहणार आणि तू बाजूला असणार. आता ऊठ आणि माझी बॅग दे."

तिनं बॅगेतून एक काळी रेक्झिनची पिशवी काढली. बाईकबरोबर आलेली. मी कचऱ्यात टाकलेली.

"ही तुझ्याकडं कशी?"

"साडीच्या पिना ठेवायला काढून घेतली. धुतली, बरं का. आतले दोन-तीन पाने तसेच ठेवले, म्हटलं गाडीबरोबर आलेत, गाडीबरोबर राहू देत."

पिनांच्या खालून निघालेला पाना कॅरियरच्या बोल्टना चपखल बसला. चार फेरे दिले आणि पेटी हातात आली. एका बाजूला नट होताच कुठं! तो कुठं होता ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात एल्रॉयचा मेसेज आलाच: 'वडखळकर, डबीभर नट मिळाले. कुठल्या गाडीचे कमी आहेत?'

"आता हा नट नाही म्हणजे पेटी परत कशी बसवायची?" मी म्हणालो.

रोझलिननं पेटीकडं बघितलं, मग मोकळ्या झालेल्या सीटकडं बघितलं. "कशाला बसवायची?"

जीनासाठी चार पुडकी बॅगेत गेली, बाकीची सुकेळी टपरीवर वाटली, आणि पेटी टपरीवाल्याला देऊन टाकली. मग रोझलिन त्या सीटवर ऐसपैस बसली, बॅग पाठीशी बांधली आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "चल." पुढं थेट म्हापशापर्यंत बाईक एकदा साधी खोकलीसुद्धा नाही. रविवारी निळ्या साडीत रोझलिन इतकी छान दिसत होती की मिस्सेत मी दोनदा चुकीच्या वेळी उभा राहिलो.

परत आल्यावर मी हत्यारं मागायला घरोघर गेलो. कुणी देईना. "प्रार्थनेनंतर मिळालेली वस्तू कुणी परत करतं का?" असं अँजेलाआंटीनं मला पकडीनं टोप धरून विचारलं. आता माझ्या बाईकचं काही खोलायचं असेल तर अर्ध्या वाडीला चहाला बोलवावं लागतं. एल्रॉयनं मात्र तो उरलेला नट परत केला, केळीच्या पानात गुंडाळून, वर लाल रिबन बांधून. रोझलिननं तो बाईकच्या चावीला लावलाय.

तरी मला एक समाधान होतं. वडखळ पार झालं होतं. गोवा गाठलं होतं. आता एल्रॉयला मला त्या नावानं हाक मारता येणार नाही, असं मी त्याला जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सांगितलं. त्यानंही मान्य केलं. चक्क "बेसिल" म्हणाला.

गेल्या आठवड्यात एल्रॉय गोव्याला निघाला होता. दुपारी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला. वडखळची ती टपरी. दर्शनी बाजूला, पाव ठेवायला मांडलेली माझी पेटी, आणि तिच्यावर माझी झोकदार अक्षरं. लोकांना ती दुकानाची पाटी वाटते म्हणे. तिथं आता सगळे त्या टपरीला 'बेसिलची टपरी' म्हणतात. फोटोखाली एल्रॉयनं लिहिलं होतं: 'वडखळकर, तुमच्या दुकानात आज पाव शिळे होते.'

त्याखाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेला पहिला चेहरा माझ्या बायकोनं टाकला होता. मी तिला विचारलं तर म्हणाली, कांदा चिरत होते.